उघड्या फाइलचे नाव बदलताना घ्यायची काळजी

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वर्डमध्ये टंकित करून होते, आणि मग लक्षात येते की फाइलचे नाव घाईघाईत दिलेले 'नवीन १' हेच राहिले आहे. आपण ती फाइल ठेवलेले फोल्डर उघडतो, फाइलवर एकदा क्लिक करून एफ-२ ही कळ दाबतो, नीटसे नाव लिहितो आणि एंटर दाबताच विंडोज कळवते की ही फाइल वर्डमध्ये उघडी असल्यामुळे हे काम पूर्ण करता येत नाही. संगणकाचा सराव नसलेल्या माणसाला अशा वेळी आपल्या हातून काहीतरी चुकले असे वाटते. प्रत्यक्षात चूक झालेली नसते. उलट एक चूक होण्याआधीच थांबवली गेलेली असते.

हा नकार त्रासदायक वाटला तरी तो आपल्या हिताचा असतो. खरा घोटाळा होतो तो संगणक काहीही न बोलता नाव बदलू देतो तेव्हा. नाव बदलले गेल्याचे समाधान मानून आपण उघड्या खिडकीत काम करत राहतो आणि संध्याकाळी पाहावे तो एकाच दस्तऐवजाच्या दोन फाइली तयार झालेल्या असतात, ज्यांपैकी एकीत फक्त सकाळचे काम असते आणि दुसरीत दुपारचेही. म्हणून उघड्या फाइलचे नाव बदलण्याआधी ती फाइल त्या प्रोग्रॅमने कशा प्रकारे धरून ठेवली आहे हे समजून घेणे आवश्यक आहे.

नाव वेगळे आणि मजकूर वेगळा

फाइलचे नाव तिच्या मजकुराच्या आत लिहिलेले नसते. मजकूर डिस्कवर एका जागी असतो आणि त्याला कोणते नाव दिले आहे याची नोंद फोल्डरमध्ये असते. जुन्या दफ्तरखान्यात कागद रुमालात बांधून फडताळात ठेवत आणि कोणत्या रुमालात काय आहे हे वहीत लिहून ठेवत, तशीच ही व्यवस्था आहे. वहीतील नोंद बदलली म्हणून रुमालातील कागद जागचे हलत नाहीत. फाइलचे नाव बदलताना फक्त ही नोंद बदलते, आणि म्हणूनच कित्येक जीबीच्या चित्रफितीचे नावदेखील क्षणार्धात बदलते, पण तीच चित्रफीत पेन ड्राइव्हवर न्यायची म्हटली की बराच वेळ थांबावे लागते.

आता प्रोग्रॅमकडे वळू. फाइल उघडताना प्रोग्रॅम दोनपैकी एका रीतीने वागतो. काही प्रोग्रॅम रुमाल उचलून स्वतःपुढे ठेवतात आणि काम संपेपर्यंत सोडत नाहीत. वर्ड आणि एक्सेल हे विंडोजवर असे वागतात. काही प्रोग्रॅम मात्र कागदांची नक्कल आपल्या स्मृतीत उतरवून घेतात, रुमाल परत ठेवून देतात आणि केवळ त्याचे नाव लक्षात ठेवतात. विंडोज १० मधील नोटपॅड हे या दुसऱ्या प्रकाराचे ओळखीचे उदाहरण आहे. पहिल्या प्रकारात नाव बदलू पाहणाऱ्याला नकार मिळतो, आणि दुसऱ्या प्रकारात नाव विनातक्रार बदलते, पण प्रोग्रॅमला त्याचा पत्ता लागत नाही.

वाचून समजण्यापेक्षा हे एकदा हाताने करून पाहणे चांगले. विंडोज १० असलेल्या संगणकावर एक रिकामे फोल्डर तयार करावे, नोटपॅडमध्ये 'पहिली ओळ' एवढेच लिहून ती फाइल त्या फोल्डरमध्ये 'चाचणी' या नावाने सेव्ह करावी आणि नोटपॅड बंद न करता फोल्डरमध्ये जाऊन तिचे नाव 'प्रयोग' असे करावे. नाव बदलले जाईल. मग नोटपॅडमध्ये परत येऊन 'दुसरी ओळ' लिहावी, कंट्रोल आणि एस या कळा दाबून सेव्ह करावे आणि पुन्हा फोल्डर पाहावे. तिथे आता दोन फाइली दिसतील: 'प्रयोग'मध्ये फक्त पहिली ओळ असेल, आणि नाहीशी झालेली 'चाचणी' दोन्ही ओळींसह परत आलेली असेल, कारण नोटपॅडला ठाऊक असलेले नाव तेच होते. दोन मिनिटांचा हा प्रयोग ज्याने एकदा केला, त्याला या लेखातील उरलेल्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतील.

विंडोजवर नाव बदलण्याची सुरक्षित पद्धत

सर्वांत आधी उघड्या खिडकीतील काम सेव्ह करावे, ती फाइल बंद करावी, मग फोल्डरमध्ये जाऊन नाव बदलावे आणि नव्या नावाने ती पुन्हा उघडावी. हा क्रम साधा आहे, पण नवशिक्यांच्या हातून तो नेहमी शेवटच्या टप्प्यावर मोडतो. नाव बदलल्यानंतर पुष्कळ जण फाइल फोल्डरमधून न उघडता वर्डच्या 'अलीकडील फाइली' या यादीतून उघडायला जातात. त्या यादीत जुनेच नाव असल्यामुळे वर्ड फाइल सापडत नाही असे सांगते आणि माणूस घाबरतो. फाइल कुठेही गेलेली नसते. नाव बदलल्यावर पहिल्यांदा ती फोल्डरमधूनच उघडावी, म्हणजे यादीतही नवे नाव येते.

नाव लिहिताना दोन गोष्टी पाहाव्यात. बिंदूनंतरचे शेवटचे टोक, म्हणजे डॉकएक्स, एक्सएलएसएक्स किंवा पीडीएफ, हे फाइलचा प्रकार सांगते आणि ते तसेच राहू द्यावे. विंडोज हे टोक मुळात लपवून ठेवते. विंडोज ११ मध्ये 'व्ह्यू' या यादीतील 'शो'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' हा पर्याय निवडला की ते दिसू लागते. दुसरे असे की तिरप्या दोन्ही रेघा, अपूर्णविराम, तारांकन, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, लहान-मोठेपणाची दोन्ही चिन्हे आणि उभी रेघ ही ९ चिन्हे विंडोजवर नावात चालत नाहीत. त्यामुळे इतिवृत्ताच्या नावात तारीख घालताना तिरप्या रेघेऐवजी लहान आडवी रेघ वापरावी.

काम इतके मध्यावर आलेले असते की फाइल बंद करणे नकोसे वाटते, अशी वेळही येते. अशा वेळी 'सेव्ह ॲज' हा मार्ग आहे, मात्र तो नाव बदलण्याचा मार्ग नव्हे हे पक्के ध्यानात घ्यावे. 'सेव्ह ॲज' केल्यावर नव्या नावाची दुसरी फाइल तयार होते, वर्ड त्या नव्या फाइलवर काम करू लागते, जुन्या फाइलवरची पकड सुटते आणि जुनी फाइल जिथल्या तिथे पडून राहते. खिडकीच्या वरच्या पट्टीत नवे नाव दिसते आहे याची खात्री करून जुनी फाइल आपण स्वतः काढून टाकावी, नाहीतर सहा महिन्यांनी यातली खरी प्रत कोणती हा प्रश्न आपल्यालाच पडतो. दस्तऐवज वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठवणीत, ठेवलेला असेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ मधील वर्ड किंवा एक्सेलच्या खिडकीत वरच्या नावावर क्लिक करून फाइल उघडी असतानाच खरोखरीचे नाव बदलता येते. जिथे ही सोय आहे तिथे तीच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण प्रोग्रॅमने स्वतः बदललेले नाव प्रोग्रॅमला माहीत असते. नोटपॅड प्लस प्लस या संपादकातही, म्हणजे साधा मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्येही, 'फाइल' यादीत नाव बदलण्याचा स्वतंत्र पर्याय आहे. त्याच संपादकात उघडलेल्या फाइलचे नाव बाहेरून बदलले, तर ती फाइल आता अस्तित्वात नाही, संपादकात ठेवायची का, असे तो विचारतो. हा प्रश्न दिसला की उत्तर देण्यापूर्वी आपण नाव कुठे आणि काय बदलले ते आठवावे.

फाइल कोणी धरून ठेवली आहे हे शोधणे

सर्व खिडक्या बंद केल्या तरी नकार येतच राहतो, तेव्हा माणूस खरा कंटाळतो. विंडोजमध्ये फाइल उघडणारा प्रत्येक प्रोग्रॅम, इतरांनी ती त्याच वेळी वाचावी का, तीत लिहावे का, आणि ती पुसावी किंवा तिचे नाव बदलावे का, हे उघडतानाच ठरवून सांगतो. यातील शेवटची परवानगी त्याने दिलेली नसेल, तर तो फाइल सोडेपर्यंत कोणालाही नाव बदलता येत नाही. ही विचारसरणी जुनी आहे: १९८४ साली आलेल्या डॉस ३.० या विंडोजपूर्वीच्या कार्यप्रणालीत फाइलींच्या सामायिक वापरावर लक्ष ठेवणारा 'शेअर' नावाचा प्रोग्रॅम होता. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की ही परवानगी अडवून बसलेला प्रोग्रॅम कोणता.

पुष्कळदा तो समोरच असतो. एक्स्प्लोररच्या, म्हणजे विंडोजच्या फोल्डर दाखवणाऱ्या खिडकीच्या, उजव्या बाजूला फाइलची झलक दाखवणारा चौकोन चालू असेल, तर पीडीएफ किंवा वर्डची फाइल निवडताच तो चौकोन ती उघडतो, आणि आपणच निवडलेली फाइल आपल्यालाच अडवते. ऑल्ट आणि पी या कळांनी तो चौकोन बंद होतो. विषाणूरोधक प्रोग्रॅम किंवा वनड्राइव्हसारखा प्रती जुळवणारा प्रोग्रॅमही फाइल काही क्षण धरतो, म्हणून एकदा नकार आल्यावर लगेच मोठे उपाय न करता अर्धा मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करावा.

तरीही जमले नाही तर शोध घ्यावा. स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' असे शोधून तो उघडावा, 'सीपीयू' या टॅबवर जावे आणि 'असोसिएटेड हँडल्स' या पट्टीतील शोधाच्या चौकटीत फाइलच्या नावाचा एखादा भाग लिहावा. ती फाइल धरून बसलेल्या प्रोग्रॅमचे नाव खाली येते. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या मोफत संचात 'फाइल लॉकस्मिथ' नावाचे साधन आहे. ते बसवले की फाइलवर उजवे बटण दाबून हेच काम आणखी सोपेपणाने होते. नाव कळले की तो प्रोग्रॅम त्याच्या स्वतःच्या यादीतून रीतसर बंद करावा. टास्क मॅनेजरमधून तो संपवणे हा शेवटचा उपाय आहे, कारण त्यात सेव्ह न केलेले काम जाते. फाइलची पकड बाहेरून तोडणारीही साधने आहेत. नवशिक्यांनी त्यांच्या वाटेला मुळीच जाऊ नये असे मी आग्रहाने सांगतो: पकड तुटल्याचे त्या प्रोग्रॅमला कळत नाही, त्या पकडीला विंडोजने दिलेला क्रमांक सुटून पुढे दुसऱ्या फाइलला मिळू शकतो, आणि मग एका फाइलसाठीचा मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये लिहिला जाण्याचा धोका उभा राहतो.

वर्डच्या बाबतीत आणखी एक खूण उपयोगी पडते. वर्ड फाइल उघडताना त्याच फोल्डरमध्ये एक छोटी लपलेली फाइल तयार करते आणि फाइल कोणी उघडली आहे त्याचे नाव तीत लिहून ठेवते. तिच्या नावातील पहिल्या दोन चिन्हांच्या जागी ~$ अशी खूण असते. 'मासिक अहवाल' उघडला की '~$सिक अहवाल' दिसते, कारण संगणकाच्या हिशेबी 'म' आणि काना ही दोन वेगळी चिन्हे आहेत. वर्ड बंद झाले की ही फाइलही जाते. वीज गेल्यामुळे किंवा वर्ड अडकल्यामुळे ती मागे राहिली असेल, तर कोणीतरी फाइल उघडलेली असल्याचा खोटा इशारा येत राहतो. आपल्या किंवा कार्यालयातील दुसऱ्या कोणाच्याही संगणकावर ती फाइल उघडी नाही याची खात्री झाल्यावरच ही मागे राहिलेली फाइल काढावी. लिबरऑफिसही अशीच खूण ठेवते. तिच्या फाइलचे नाव .~ या चिन्हांनी सुरू होते आणि # या चिन्हाने संपते.

फोल्डरचे नाव बदलताना हीच अडचण मोठी होऊन येते, कारण आतील एखादी फाइल जरी कुठे अडकलेली असली तरी संपूर्ण फोल्डरला नकार मिळतो. कमांड प्रॉम्प्टची, म्हणजे आज्ञा टंकित करून देण्याची, खिडकी त्या फोल्डरमध्ये उभी असेल, तर एकही फाइल उघडी नसताना देखील असे होते.

जाता जाता एक विसंगत वाटणारी गोष्ट सांगण्यासारखी आहे. विंडोजवर चालू असलेल्या प्रोग्रॅमची मूळ फाइल पुसता येत नाही, पण तिचे नाव मात्र साधारणपणे बदलता येते, आणि स्वतःची नवी आवृत्ती बसवणारे कित्येक प्रोग्रॅम जुन्या फाइलचे नाव बदलून तिच्या जागी नवी ठेवण्यासाठी याच सवलतीचा उपयोग करतात.

सामायिक फोल्डर

कार्यालयातील सर्व्हरवर ठेवलेल्या फाइलचे नाव बदलताना नकार आला, तर रिसोर्स मॉनिटर पाहून उपयोग नसतो, कारण ती दुसऱ्याच टेबलावर उघडलेली असते. विंडोज सर्व्हरची व्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीला 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मधील 'शेअर्ड फोल्डर्स' या भागात 'ओपन फाइल्स'ची यादी दिसते आणि तिथून फाइल बंदही करता येते. तसे केल्यास समोरच्या सहकाऱ्याचे न साठवलेले काम जाऊ शकते. त्यामुळे यादीतील नाव पाहून त्या सहकाऱ्याला फोन करावा, त्याने सेव्ह करून फाइल बंद करेपर्यंत थांबावे, आणि नाव बदलल्यावर नवे नाव त्याला कळवावे. गूगल डॉक्सवरील दस्तऐवजाला मात्र ही चिंता नाही. तिथे दस्तऐवजाची ओळख एका कायमच्या खुणेने ठरते, म्हणून दहा जण लिहीत असताना शीर्षक बदलले तरी सर्वांचे काम आणि आधी पाठवलेला दुवा दोन्ही चालू राहतात.

लिनक्स आणि मॅक

विंडोजवरून लिनक्सवर आलेल्यांना सर्वाधिक आश्चर्य याच बाबतीत वाटते, कारण तिथे चित्रफीत सुरू असताना तिचे नाव बदलले तरी ती अडखळत नाही. लिनक्स ज्या जुन्या युनिक्स कार्यप्रणालीच्या वळणाने चालते, तिच्या परंपरेत फाइलची खरी ओळख म्हणजे तिचा आयनोड, म्हणजे फाइलव्यवस्थेतील तिचा क्रमांक. नाव ही फोल्डरमधली त्या क्रमांकाकडे बोट दाखवणारी नोंद. प्रोग्रॅमने एकदा फाइल उघडली की त्याचा संबंध आयनोडशी जडतो आणि नावाशी उरत नाही. नाव बदलण्याची स्वतंत्र आज्ञा युनिक्सच्या गाभ्यात १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत आली. त्याआधी त्याच फाइलला दुसरे नाव जोडून पहिले काढून टाकत, आणि हे शक्य होते ते नाव आणि फाइल या दोन वेगळ्या वस्तू असल्यामुळेच.

पण यातून सर्व काही सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढणे घातक ठरते. चित्रफीत वाचणारा प्रोग्रॅम फाइल धरून असतो म्हणून त्याचे बिघडत नाही. मजकूर संपादक मात्र बहुधा नोटपॅडसारखेच वागतात आणि सेव्ह करताना जुन्या नावाची फाइल पुन्हा निर्माण करतात. व्हिमसारख्या संपादकात हे हमखास घडते. विंडोजवर निदान वर्डच्या फाइलला नकार तरी मिळतो. लिनक्सवर नकार देणारे सहसा कोणी नसते, म्हणून तिथे सेव्ह करा, बंद करा, नाव बदला, पुन्हा उघडा हा क्रम अधिकच काटेकोरपणे पाळावा.

सर्व्हर चालवू लागलेल्यांना याचा दुसरा प्रत्यय नोंदवहीच्या फाइलींमध्ये येतो, ज्यांना तिथे लॉग म्हणतात. लॉग फार वाढला म्हणून आपण त्याचे नाव बदलतो आणि आता नव्या लॉगमध्ये नोंदी सुरू होतील अशी वाट पाहतो, पण नोंदी नव्या नावाच्या जुन्याच फाइलमध्ये पडत राहतात, कारण सर्व्हर त्या आयनोडला धरून आहे. नाव बदलल्यावर सर्व्हरला फाइल नव्याने उघडण्याचा इशारा द्यावा लागतो, आणि लॉगरोटेट हे साधन नाव बदलणे व असा इशारा देणे ही दोन्ही कामे जोडीने करू शकते. ज्या प्रोग्रॅमला असा इशारा कळत नाही, त्याच्यासाठी लॉगरोटेटमध्ये आधी नक्कल करून मग मूळ फाइल रिकामी करण्याचा पर्याय आहे. त्यात त्या दोन क्रियांच्या मधल्या क्षणी आलेल्या काही नोंदी हरवू शकतात.

टर्मिनलवर, म्हणजे लिनक्स आणि मॅकवरील आज्ञा टंकित करण्याच्या खिडकीत, नाव बदलण्यासाठी 'एमव्ही' ही आज्ञा वापरतात, आणि तिचे दोन धोके नवशिक्यांनी आधीच जाणून घ्यावेत. नव्या नावाची फाइल तिथे आधीपासून असेल तर ही आज्ञा न विचारता ती पुसून तिची जागा घेते; 'आय' हा पर्याय जोडला की ती आधी विचारते, म्हणून तो जोडण्याची सवय लावून घ्यावी. दुसरा धोका असा की नवे ठिकाण दुसऱ्या डिस्कवर असेल, तर ते नुसते नाव बदलणे राहत नाही. नक्कल तयार होते आणि मूळ फाइल पुसली जाते, पण ती उघडून बसलेला प्रोग्रॅम पुसलेल्या फाइलमध्येच लिहीत राहतो आणि तो बंद होताच ते लिखाण नाहीसे होते. म्हणून डिस्क बदलणार असेल तेव्हा फाइल कोणी उघडली आहे का, हे 'एलएसओएफ' या आज्ञेपुढे फाइलचे नाव देऊन पाहावे. उत्तरात काहीच आले नाही तरच पुढे जावे. दुसऱ्या वापरकर्त्यांचे प्रोग्रॅमही दिसण्यासाठी ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने द्यावी लागते.

मॅकवर काम सर्वांत सुखाचे आहे. टेक्स्टएडिट, प्रिव्ह्यू आणि पेजेस या ॲपलच्या प्रोग्रॅममध्ये उघडलेल्या फाइलचे नाव फाइंडरमध्ये बदलले, तर खिडकीवरील नावही आपोआप बदलते आणि पुढचे काम नव्या नावाच्या फाइलमध्ये जाते. 'फाइल' यादीत 'रीनेम' हा पर्यायही असतो. इतर कंपन्यांचे प्रोग्रॅम असे वागतीलच असे नाही, म्हणून नव्या प्रोग्रॅमवर वरचा दोन ओळींचा प्रयोग एकदा करून पाहावा.

फाइल बंद असूनही तिचे नाव लक्षात ठेवणारे प्रोग्रॅम

काही प्रोग्रॅम फाइल धरून ठेवत नाहीत, पण तिचा पत्ता आपल्या दप्तरात कायमचा लिहून ठेवतात. लाइटरूम क्लासिक या छायाचित्रे सांभाळण्याच्या प्रोग्रॅममध्ये घेतलेल्या छायाचित्राचे नाव एक्स्प्लोररमधून बदलले, की लाइटरूममध्ये त्यावर उद्गारचिन्ह येते आणि छायाचित्र सापडत नाही असे कळते. चित्रफीत संकलनाच्या प्रोग्रॅममध्येही दृश्याच्या जागी ते उपलब्ध नसल्याची पाटी दिसते. अशा फाइलींची नावे त्या त्या प्रोग्रॅममधूनच बदलावीत. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये आकड्यांच्या नावांची फोल्डरे असतात. ती पाहून ओळखीसाठी त्यांना दुकानाचे नाव देण्याचा मोह होतो, तो आवरावा आणि कंपनीचे नाव टॅलीच्या आतच बदलावे.

एक्सेलमध्ये एका कार्यपुस्तिकेतील सूत्र दुसऱ्या कार्यपुस्तिकेतून आकडे घेत असेल, तर मूळ कार्यपुस्तिकेचे नाव फोल्डरमध्ये बदलताच तो दुवा तुटतो. इथे मात्र फाइली बंद करण्याऐवजी दोन्ही एकदम उघड्या ठेवणे फायद्याचे असते: मूळ कार्यपुस्तिका नव्या नावाने 'सेव्ह ॲज' केली की उघड्या असलेल्या दुसऱ्या कार्यपुस्तिकेतील सूत्रे नवे नाव घेतात, आणि मग तीही सेव्ह करायची. दुवा आधीच तुटला असेल तर 'डेटा' टॅबमध्ये दुव्यांची यादी उघडून 'चेंज सोर्स'ने नवी फाइल दाखवावी.

उतरून येत असलेल्या फाइलचे नाव बदलू नये. क्रोममध्ये सीआरडाउनलोड आणि फायरफॉक्समध्ये पार्ट असे टोक असलेली फाइल अर्धवट असते, आणि उतरणे पूर्ण झाल्यावर ब्राउझर स्वतःच तिला खरे नाव देतो.

देवनागरी नावांविषयी

नाव चुकून बदलले गेले आणि उघडा प्रोग्रॅम जुन्याच नावाची वाट पाहत असेल, तर जुने नाव परत देऊन काम भागते. मराठी नावांच्या बाबतीत यात एक अडचण दडलेली आहे. 'शेतकऱ्यांची यादी' हे नाव दोन तऱ्हांनी टंकित होऊ शकते: काही कळफलकांवर नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त वापरून, तर काहींवर साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती दोन भिन्न नावे आहेत आणि एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी नांदू शकतात. त्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावर तयार झालेल्या फाइलचे जुने नाव हाताने पुन्हा टंकित करू नये. एक्स्प्लोररमध्ये नाव नुकतेच बदललेले असेल तर कंट्रोल आणि झेड दाबावे, म्हणजे मूळ नाव अक्षरशः जसेच्या तसे परत येते. मोठा बदल करण्यापूर्वी मूळ नाव नक्कल करून एखाद्या कोऱ्या टिपणात चिकटवून ठेवणे हाही चांगला उपाय आहे.

लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेते. त्यामुळे ८५ चिन्हांपलीकडे नाव जात नाही. विंडोजवर ठेवलेले लांबलचक मराठी नाव लिनक्सवर नाकारले गेले, तर कारण बहुधा हेच असते.

दोन फाइली झाल्याच असतील तर

सर्व काळजी घेऊनही कधीतरी जुन्या आणि नव्या नावाच्या दोन फाइली समोर येतात. अशा वेळी उघडा प्रोग्रॅम लगेच बंद करू नये, कारण सर्वांत ताजा मजकूर कदाचित फक्त त्याच्याच स्मृतीत असतो. उघड्या खिडकीतील मजकूर 'सेव्ह ॲज' करून तिसऱ्या, अगदी वेगळ्या नावाने साठवावा. मग जुन्या आणि नव्या नावाच्या फाइलींच्या प्रती दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून ठेवाव्यात आणि त्यानंतरच तुलना सुरू करावी. बदलाची वेळ आणि आकार यांवरून अंदाज येतो, पण केवळ वेळ पाहून नवी फाइल ठेवणे आणि जुनी पुसणे योग्य नाही. नाव बदलल्यानंतर कोणीतरी दुसऱ्याने दुसऱ्या फाइलमध्ये एखादी दुरुस्ती केलेली असू शकते आणि मग दोन्हींत काही ना काही असे असते, जे दुसरीत नाही.

दस्तऐवज वर्डचे असतील तर 'रिव्ह्यू' टॅबमधील 'कम्पेअर' हा पर्याय दोन फाइली घेऊन त्यांतील फरक रंगांनी दाखवणारा तिसरा दस्तऐवज तयार करतो. साध्या मजकुराच्या फाइलींसाठी लिनक्स आणि मॅकवर 'डिफ' ही आज्ञा तेच काम करते. फरक एकेक वाचून स्वीकारावा, एकत्र केलेला दस्तऐवज ठरलेल्या नावाने साठवावा, तो एकदा बंद करून फोल्डरमधून पुन्हा उघडावा आणि शेवटचे पान पाहावे. बाजूला काढलेल्या प्रती त्यानंतरही आठवडाभर तशाच राहू द्याव्यात.